दहापैकी किती?

(दृश्य : सीताबर्डी. संध्याकाळची गर्दी, वरून जाणारी मेट्रो, खाली ऑटोंची रांग.)

नागपुरात पत्ता सांगताना अजूनही टॉकीजची नावं लागतात. व्हरायटी चौक. पंचशील चौक. अलंकार टॉकीजच्या मागे. ज्यांनी त्या जुन्या पडद्यांवर एकही पिक्चर पाहिला नाही, ती मुलंसुद्धा ऑटोवाल्याला हेच सांगतात. अशा गावात पिक्चर सुटला की लोक लगेच घरी जात नाहीत. स्टँडवरून गाडी काढायच्या आधी निकाल लागतो.

"सात."

"सात? काहून सात? चार दे, चार!"

हा माहितीपट या निकालांचा आहे, आणि त्यातही फक्त भयपटांचा आणि विज्ञानपटांचा. प्रेमकथा पाहून आलेल्या चार मित्रांचे गुण फार लांब पडत नाहीत. भयपट पाहून आलेल्या चौघांत एकाचे नऊ असतात, एकाचे दोन, आणि दोघेही मनापासून बोलत असतात. त्यांची सरासरी काढली तर साडेपाच येते. त्या चौघांपैकी साडेपाच कुणाचंच मत नसतं.

(दृश्य : मोबाइलच्या पडद्यावर तारे देणारा अंगठा.)

आधी या आकड्यांचं गणित बघू, कारण त्यात बरेच जण फसतात. रॉटन टोमॅटोज या समीक्षा गोळा करणाऱ्या संकेतस्थळावर एखाद्या चित्रपटापुढे 95 टक्के दिसले, तर शंभरातल्या पंच्याण्णव समीक्षकांना तो "बरा" किंवा त्याहून चांगला वाटला, एवढाच त्याचा अर्थ. किती आवडला, ते त्या आकड्यात नाही. आयएमडीबीवर एक ते दहा गुण देता येतात, पण तिथेही साधी सरासरी दिसत नाही. मतांना कमीजास्त वजन देऊन काढलेली सरासरी दिसते. अमेरिकेत सिनेमास्कोअर नावाची संस्था पहिल्याच रात्री थिएटरमधून बाहेर पडणाऱ्या प्रेक्षकांना श्रेणी विचारते. 2018 च्या 'हेरेडिटरी'ला समीक्षकांनी डोक्यावर घेतलं होतं. सिनेमास्कोअरच्या प्रेक्षकांनी त्याला डी प्लस दिलं, म्हणजे काठावर पास.

त्या प्रेक्षकांना काही कळत नव्हतं का? आम्हाला तसं वाटत नाही. ते पहिल्या रात्री ओरडायला, मित्राचा हात पकडायला, हसायला गेले होते. पडद्यावर त्यांना दिसलं एका घरातलं मरण, आणि त्या मरणानंतरचा एक असह्य शोक. तिकीट काढताना मनात जे ठरलेलं होतं, त्याला त्यांनी डी प्लस दिलं. भयपटाला पहिल्या आठवड्यात मिळालेले गुण बहुतेक वेळा अपेक्षेचे असतात. चित्रपटाचे गुण पुढे मिळतात, कधी कधी फार पुढे.

याचा सगळ्यात मोठा दाखला 25 जून 1982 चा आहे. त्या एका दिवशी अमेरिकेत दोन चित्रपट लागले : जॉन कार्पेंटरचा 'द थिंग' आणि रिडली स्कॉटचा 'ब्लेड रनर'. दोन आठवड्यांपूर्वीच स्पीलबर्गचा 'ई. टी.' आला होता, आणि परग्रहावरचा गोड पाहुणा बघून लोक डोळे पुसत घरी जात होते. त्याच उन्हाळ्यात कार्पेंटरने अंटार्क्टिकाच्या बर्फात माणसाचं रूप घेणारा परग्रहवासी आणला. लोकांना किळस आली. समीक्षकांनी झोडपलं. दोन्ही चित्रपट तिकीटबारीवर ढेपाळले. आज आयएमडीबीवर दोघांचेही गुण आठच्या वर आहेत. चित्रपटांमधली एक चौकटही तेव्हाच्या रागामुळे सुधारलेली नव्हती ('ब्लेड रनर'च्या पुढे निघालेल्या आवृत्त्या सोडल्या तर). व्हिडिओ कॅसेटवर, टीव्हीवर, पुन्हा पुन्हा बघणाऱ्यांनी हा निकाल फिरवला.

(दृश्य : इतवारी. तान्ह्या पोळ्याची सकाळ. काळी आणि पिवळी मारबत, भोवती गर्दी, ढोलताशे.)

'द थिंग'बद्दल नागपूरकर शौकीन बोलायला लागले की थांबत नाहीत. त्यातला राक्षस रॉब बॉटिनने हातांनी बनवला होता. रबर, फोम, चिकट रसायनं, तारा आणि दोऱ्या. तेव्हा त्याचं वय जेमतेम बावीस. आणि हातांनी केलेल्या राक्षसाची किंमत या शहराला वेगळी सांगावी लागत नाही. काळी मारबत 1881 पासून आणि पिवळी 1885 पासून इथे निघते. बांबू, कागद, कापड, रंग यातून उभी राहिलेली ती अजस्र रूपं गल्लीतून येतात, नेहरू पुतळ्याजवळ त्यांची भेट होते, आणि "ईडा पिडा घेऊन जा गे मारबत" असं ओरडत लोक त्यांना गावाबाहेर नेऊन जाळतात. लहानपणी बापाच्या खांद्यावर बसून ते विक्राळ तोंड हातभर अंतरावरून पाहिलेल्या माणसाला संगणकावरचा गुळगुळीत राक्षस पटत नाही. "त्याला वजनच नाही ना," असं इथे म्हणतात. पडद्यावर धावणाऱ्या प्राण्याचा पाय जमिनीवर टेकतोय की नाही, एवढं एक पाहून गुण कापणारे लोक आम्हाला भेटले. आमच्या मते ते बरोबर आहेत.

रामसे बंधूंची गोष्टही इथेच सांगून टाकू. 1984 चा 'पुराना मंदिर', 1988 चा 'वीराना' : आज बघितले तर मुखवट्याची कड दिसते, धुराचं यंत्र कुठे ठेवलंय तेही कळतं. तरी चाळिशी-पन्नाशी ओलांडलेल्यांचे गुण इथे खाली येत नाहीत. त्यांनी ते दिले त्या वयात दिले होते, आणि ते बदलायला ते तयार नाहीत.

'झपाटलेला'चं तसंच आहे, पण थोडं वेगळं. महेश कोठारेंचा 1993 चा चित्रपट, लक्ष्मीकांत बेर्डे, रामदास पाध्येंचा बाहुला आणि दिलीप प्रभावळकरांचा तात्या विंचू. कल्पना अमेरिकेतल्या 'चाइल्ड्स प्ले'कडून आली, हे सगळ्यांना ठाऊक आहे आणि कुणाला त्याचं काही वाटत नाही. गंमत म्हणजे आता हसत हसत पाहिल्या जाणाऱ्या या चित्रपटामुळे बाहुल्यांना कपाटात कोंडून झोपलेली एक अख्खी पिढी महाराष्ट्रात आहे. म्हणून इथले मुरलेले शौकीन गुण दोन ठिकाणी देतात. भीती किती वाटली, हा एक आकडा. पिक्चर कसा आहे, हा दुसरा. 'झपाटलेला' : भीती दोन, पिक्चर नऊ. एखाद्या नव्या भूतपटाला : भीती सात, पिक्चर तीन, कारण दर पाच मिनिटांनी शांततेत एकदम कर्कश आवाज सोडला की शरीर दचकतंच, त्यात दिग्दर्शकाचं कसब लागत नाही. ही दोन खात्यांची पद्धत आम्हाला फार आवडली. प्रत्येक ॲपमध्ये ती असायला हवी.

(दृश्य : मे महिना. खिडकीत लावलेला कूलर. अंधाऱ्या खोलीत टीव्हीचा उजेड.)

तिसरं खातंही हवं : कुठे आणि कसा पाहिला?

मे महिन्यात नागपूर पंचेचाळीसच्या पुढे जातं. घराघरात कूलर लागतो, आणि कूलर लागला की घरात शांतता नावाची गोष्ट उरत नाही. आता 'अ क्वाएट प्लेस' हा 2018 चा चित्रपट घ्या. आवाज केला की मरण, एवढ्याच गोष्टीवर तो उभा आहे. पायाखाली वाळू टाकून चालणारी माणसं, खुणांनी बोलणारं कुटुंब. थिएटरात लोकांनी पॉपकॉर्न चावायचं थांबवलं होतं. तोच चित्रपट कूलरच्या घरघरीत, आवाज पंचवीसवर ठेवून पाहिलेला माणूस त्याला चार देतो. त्याने पाहिलेल्या चित्रपटाला चारच मिळायला हवेत. फक्त तो चित्रपट दुसरा होता.

भाषेचंही तेच. आपल्याकडे खूप जण इंग्रजी भयपट हिंदी डबिंगमध्ये बघतात. 1973 च्या 'द एक्सॉर्सिस्ट'मध्ये त्या मुलीच्या तोंडून येणारा सैतानाचा आवाज मर्सिडीज मॅककेंब्रिज या अभिनेत्रीने दिला होता, आणि त्या चित्रपटाला ध्वनीसाठी ऑस्कर मिळालं. डबिंगमध्ये तो घसा जातो. निम्मा सैतान तिथेच संपतो. आणि इंटरव्हल! परदेशी चित्रपटात मध्यंतराची जागाच ठेवलेली नसते, म्हणून आपल्याकडे तो कुठेही तोडतात. एखादी बाई तळघराच्या पायऱ्या उतरत असते आणि दिवे लागतात, समोसे येतात. दहा मिनिटांनी ती पुढची पायरी उतरते तेव्हा आपल्या मनातली भीती गेलेली असते. यात तिचा काय दोष?

(दृश्य : नागझिऱ्याचं जंगल. पावसाळा. पानांवरून ठिबकणारं पाणी.)

या सगळ्या मतांच्या खेळात एक चित्रपट असा आहे, की ज्याच्याबद्दल बोलताना इथला आवाज वेगळाच लागतो. 'तुंबाड'.

त्याचं बीज विदर्भातलं आहे. 1993 साली राही अनिल बर्वे नागझिऱ्याच्या अभयारण्यात गेले असताना मित्राने त्यांना नारायण धारपांची एक कथा सांगितली. कथेचं नाव 'आजी'. धारपांना ती स्टीफन किंगच्या एका कथेवरून सुचली होती. नागपूरहून दोन-अडीच तासांवरचं ते जंगल, रात्र, आणि सांगणारा मित्र. त्यानंतर चित्रपट पडद्यावर यायला 2018 चा ऑक्टोबर उजाडला. मध्ये चित्रीकरण झालं, थांबलं, पुन्हा झालं. पाऊस खरा हवा म्हणून अनेक पावसाळे थांबून तो टिपला. गावाचं नाव कोकणातलं, जे मराठी वाचकाला श्री. ना. पेंडशांच्या कादंबरीमुळे आधीच ओळखीचं होतं. व्हेनिसच्या महोत्सवात समीक्षक सप्ताहाची सुरुवात या चित्रपटाने झाली.

आणि तरी थिएटरात तो फार चालला नाही. इथेही नाही. मग लोकांनी तो घरी पाहिला, एकमेकांना सांगितला, हस्तर कोण, पिठाची बाहुली कशासाठी, आजीच्या तोंडून काय येतं, यावर रात्री जागवल्या. 13 सप्टेंबर 2024 ला तो पुन्हा प्रदर्शित झाला आणि पहिल्या वेळेपेक्षा जास्त कमाई करून गेला. हे जाहिरातीने होत नाही. सहा वर्षं एकेका माणसाने दुसऱ्याला "पाह्यला का बे?" असं विचारलं, त्याचं हे फळ आहे.

याच्यावर सगळ्यांचं एकमत आहे असं मात्र समजू नका. भूत कमी आहे, म्हणून भीतीचे पाचच गुण देणारे आहेत. त्यांचं म्हणणं असं, की हा लोभाचा पिक्चर आहे, भुताचा नाही. दुसरी बाजू उसळून सांगते, सोन्याची नाणी आणायला बाप मुलाला विहिरीत उतरायला शिकवतो, यापेक्षा भीतिदायक काय असतं? आम्ही दुसऱ्या बाजूचे. सोन्याच्या नाण्यासाठी पोराच्या डोळ्यात तीच चमक येते, ती जागा आठवली की आमच्या अंगावर आजही काटा येतो.

'लपाछपी'लाही अशीच बोलणारी माणसं मिळायला हवीत. विशाल फुरियांचा 2017 चा हा मराठी चित्रपट, उसाच्या फडात हरवलेली गरोदर बाई, पूजा सावंत आणि उषा नाईक. पुढे त्याचाच हिंदीत 'छोरी' झाला. हिंदी पाहिलेले पुष्कळ भेटले. मूळ मराठी पाहिलेले फार थोडे.

(दृश्य : गांधीसागर तलावाजवळचं रमण विज्ञान केंद्र. तारांगणाच्या घुमटाखाली मान वर केलेली शाळकरी मुलं.)

विज्ञानपटांचं भांडण वेगळ्या जातीचं. तिथे पोटापेक्षा डोकं पुढे असतं. 1992 साली सुरू झालेल्या या केंद्रात शाळेच्या सहलीबरोबर येऊन गेलेली मुलं पुढे व्हीएनआयटीत किंवा दुसऱ्या कुठल्या कॉलेजात गेली, की पिक्चर तपासायला लागतात. अवकाशात स्फोटाचा आवाज आला? एक गुण कमी. निर्वातात आवाज कसा जाईल? यानात माणसं जमिनीवर चालल्यासारखी चालतात आणि यान फिरत नाही? अजून एक कमी.

'इंटरस्टेलर' या परीक्षेत टिकतो. 2014 च्या या चित्रपटाला किप थॉर्न हे भौतिकशास्त्रज्ञ सल्लागार होते. पुढे 2017 मध्ये त्यांना नोबेल मिळालं, गुरुत्वीय लहरींच्या कामासाठी. एका ग्रहावरचा एक तास म्हणजे पृथ्वीवरची सात वर्षं, हे नुसतं लेखकाच्या मनातलं नव्हतं. प्रचंड वेगाने फिरणाऱ्या कृष्णविवराजवळ ते शक्य आहे, हे थॉर्न यांनी गणिताने दाखवलं. 2025 च्या फेब्रुवारीत तो भारतात पुन्हा लागला तेव्हा पहिल्यांदा मोबाइलवर पाहिलेल्यांनी मोठ्या पडद्यावरची तिकिटं काढली. आणि तरीही शेवटच्या पुस्तकांच्या कपाटाच्या प्रसंगावर दोन तट आहेतच. एका तटाचं म्हणणं, तिथे विज्ञान सोडून रडारड केली. दुसऱ्याचं, बापाने लेकीला हाक मारली नसती तर आधीच्या सगळ्या गणिताचं काय करायचं होतं?

नागपूरकरांनी ज्यावर हक्काने भांडावं असा विज्ञानपटही आहे. 'कार्गो'. दिग्दर्शक आरती कडव नागपुरात वाढलेल्या. 2020 साली नेटफ्लिक्सवर आलेल्या या चित्रपटात पुष्पक नावाचं यान आहे, त्यावर प्रहस्थ नावाचा एकटा राक्षस नोकरी करतो, आणि मेलेल्या माणसांना पुढच्या जन्मासाठी तयार करून पाठवतो. लेझर नाहीत, युद्ध नाही. जुन्या सरकारी कचेरीसारखं ते यान. याला इथे चार मिळाले आणि नऊही मिळाले. चार देणारा म्हणाला, "काही होऊनच नाही राहिलं त्यात." नऊ देणाऱ्या मुलीने सांगितलं, तिच्या आजोबांना जाऊन थोडेच दिवस झाले होते, आणि कुणीतरी शांतपणे त्यांचं सामान नोंदवून घेत असेल, हे तिला बरं वाटलं.

(दृश्य : बर्डीवरचं पुस्तकांचं दुकान. कपाटातली मराठी विज्ञानकथांची रांग.)

मराठीत मोठ्या पडद्याचा विज्ञानपट का होत नाही, हा प्रश्न प्रत्येक गप्पांमध्ये निघाला. कथा नाहीत असं म्हणायची सोय नाही. 1974 मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत नारायण विनायक जगताप या नावाने एक कथा आली आणि बक्षीस घेऊन गेली. ती जयंत नारळीकरांची होती. त्यांच्या 'वामन परत न आला' या कादंबरीत जमिनीखालून एका नष्ट झालेल्या संस्कृतीचं ज्ञान वर येतं, त्यातून यंत्रमानव तयार होतो, आणि तो माणसाच्या हाताबाहेर जाऊ लागतो. आज ती वाचून झालेले तरुण विचारतात, याचा पिक्चर कोण करेल? यंत्रमानवाला आवाज कुणाचा द्यायचा, यावर आमच्यासमोरच दोघांचं वाजलं.