झोळी कशाची?

(दृश्य: स्टीलचा ट्रे. सलाईनमध्ये पांढरी पट्टी.)

लघवी सुटू नये म्हणून मूत्रमार्गाखाली बांधायची ही पट्टी समोरच्या टेबलावर झोपलेल्या ताईंच्या पोटातलीच आहे. सर्जनांनी ओटीपोटावर आडवा छेद घेतला, चरबी बाजूला सारली आणि स्नायूंवरच्या चिवट आवरणातून, म्हणजे फॅशियातून, ही पट्टी कापून घेतली. लांबी 8 ते 10 सेंटिमीटर, रुंदी दीड-दोन. आता तिला चिकटलेली चरबी कात्रीनं सोलतायत. दोन्ही टोकांना धागे लागतील. पोटातल्या आवरणाच्या कडा पुन्हा नीट शिवायच्या. तिथे कसूर झाली, तर पुढे हर्निया.

काही बायकांची शिंक आली, हंडा उचलला की लघवी सुटते. मूत्रमार्गाचा आधार सैल झालेला असतो. त्याखाली आधाराची झोळी बांधायची, तीच ही स्लिंग.

(दृश्य: शेजारच्या टेबलावर निळसर टेप.)

ही दुसरी झोळी. हर्नियात बसवतात त्याच जातीची, पॉलिप्रॉपिलीन या प्लास्टिकची जाळी. स्वीडनच्या उल्फ उल्मस्टेन यांनी 1996 साली ही पद्धत मांडली. अर्ध्या तासाचं काम, पोटावर मोठा छेद नाही. हिची छिद्रं बघा, मुद्दाम मोठी आहेत. बारीक छिद्रांत जंतू शिरतात, पण त्यांना मारणाऱ्या पांढऱ्या पेशी शिरू शकत नाहीत. पॉलिएस्टरच्या घट्ट विणीची ‘प्रोटेजेन’ नावाची झोळी 1999 मध्ये बाजारातून परत घ्यावी लागली.

फॅशिया त्याहून जुना. अमेरिकेत अल्ड्रिज यांनी 1942 मध्येच पोटाच्या आवरणाची झोळी केली होती. आपल्या डॉ. वि. ना. शिरोडकरांनी 1955 मध्ये गर्भपिशवीच्या तोंडाला टाका घातला, तोही मांडीतल्या फॅशियाचाच.

लघवी थांबवण्यात दोन्ही झोळ्या जवळपास सारख्या. फॅशियानंतर काहींची लघवी अडते, कॅथेटर, म्हणजे लघवीची नळी, लागतो. जाळी काहींच्या योनीत उघडी पडते, दुखते, आणि काढणं फार अवघड. इंग्लंडनं जुलै 2018 मध्ये तिचा वापर स्थगित केला. दोन्ही टेबलं एका चौकटीत घेतली ती याचसाठी: सही करण्याआधी बाईनं दोन्ही पाहायला हव्यात.

(दृश्य: पुन्हा शस्त्रक्रिया. मॉनिटर.)

दुर्बिणीतून मूत्राशय तपासून झालं, झोळीचे धागे वर ओढून घेणारी सुई कुठे लागलेली नाही. आता त्या धाग्यांची गाठ. खालून दोन बोटं सहज जातील इतकी सैल.

(निवेदन थांबते. फक्त हात.)