चर्च कोणी वाढवलं, हे भिंत सांगते

मंडळी, इंग्लंडमधल्या खेड्यातलं जुनं चर्च बहुधा कोणा एका काळाचं नसतं. त्यात चार-पाचशे वर्षांचं बांधकाम एकमेकांत मिसळलेलं असतं. कोणता भाग कधी वाढला, हे खर्च कोण उचलणार यावर ठरे. तेराव्या शतकापासून वाटणी ठरलेली होती. पूर्वेकडचा वेदीचा कक्ष धर्मगुरूने, म्हणजे गावच्या उत्पन्नाचा दहावा हिस्सा घेणाऱ्याने, सांभाळायचा आणि लोक जमतात ते मुख्य दालन गावकऱ्यांनी. त्यामुळे अनेक ठिकाणी गावाने लोकरीच्या पैशावर दालन उंच आणि भरपूर खिडक्यांचं करून घेतलेलं दिसतं, पण शेजारचा कक्ष बुटका आणि जुनाच राहिलेला असतो.

कमानींच्या आकारावरून काळ ओळखता येतो. साधारण ११९०पर्यंत अर्धगोल कमान, मग टोकदार आणि अरुंद खिडक्या, पुढे त्यांत दगडी जाळी आणि १३५०नंतर सरळ उभ्या पट्ट्या. ही वर्गवारी इंग्लिश वास्तुविशारद टॉमस रिकमन यांनी १८१७मध्ये रूढ केली. ती उपयोगी आहे, पण फक्त खिडकीवर विसंबू नका. जुन्या भिंतीत नवी खिडकी बसवणं अगदी सर्रास चाले. खरी माहिती सांध्यांत असते.

दालनाला पडवी जोडण्याचंच काम पाहा. चर्च बंद ठेवून चालत नसे. म्हणून आधी बाहेर पडवीची नवी भिंत उभी करायची आणि वर छप्पर घालायचं. मग दालनाच्या जुन्या भिंतीला ठरावीक अंतरावर भोकं पाडून त्यांत खांब उभारायचे, लाकडी साच्यावर कमानी वळवायच्या आणि चुना घट्ट झाला की कमानीखालची भिंत काढून टाकायची. वरची भिंत मात्र जागची हलत नाही. म्हणजे कमानींच्या डोक्यावरचं बांधकाम कमानींपेक्षा जुनं! पडव्यांच्या कमानींवर नीट नजर टाकलीत, तर कधी कधी अर्धवट कापलेली एखादी गोल डोक्याची खिडकी तिथे सापडते. ती पडवीच्या आधीची.

मनोऱ्याच्या पूर्व अंगावरही अशीच खूण असते. आजच्या छपराच्या वर दगडाची तिरकी पट्टी दिसते, ती जुन्या उभ्या उताराच्या छपराची. शिशाचे पत्रे उभ्या उतारावर आपल्याच वजनाने खाली घसरतात, म्हणून शिसं घालायचं तर उतार कमी करावा लागे. मग भिंती चढवून वर खिडक्यांची रांग घ्यायची सोय होई.

कामाचा वेग चुन्यावर ठरे. पूर्व इंग्लंडच्या सफक परगण्यातल्या वॉल्बर्सविक गावच्या चर्चच्या मनोऱ्याचा १४२५चा करार उपलब्ध आहे. रिचर्ड रसेल आणि ॲडम पाउल या गवंड्यांना दर यार्ड उंचीला ४० शिलिंग, वर दरवर्षी हेरिंग मासळी आणि कामाच्या काळात एकदा अंगरखा ठरला होता. काम २५ मार्च ते २९ सप्टेंबर या काळातच. कारण ओल्या चुन्यात थंडीने बर्फ धरला की तो भुसभुशीत होतो आणि दगडाची पकड सुटते.

नंतरच्या दुरुस्त्यांनी मात्र मोठं नुकसान केलं. एकोणिसाव्या शतकात 'दगड दिसावा' म्हणून भिंतींचा गिलावा खरवडला गेला. १८७७मध्ये कवी आणि कलाकार विल्यम मॉरिस यांनी जुन्या वास्तूंच्या रक्षणाची संस्था काढली, ती याच वृत्तीविरुद्ध. विसाव्या शतकात दरजांत सिमेंट भरलं गेलं. चुन्याची भिंत ओल शोषते आणि दरजांतून बाहेर टाकते. सिमेंटने ती वाट बंद झाली की पाणी दगडातून निघतं, सोबत क्षार आणतं, हिवाळ्यात गोठतं आणि दगडाचा पापुद्रा सुटतो. सिमेंटची रेघ पुढे आलेली आणि दगड आत झिजलेला दिसला, तर कारण हेच. ते सिमेंट यंत्राने नव्हे, छिन्नीने हळूहळू काढायचं. दगडाच्या कडा शाबूत ठेवायच्या आणि चुना भरून त्यावर काही दिवस ओलं गोणपाट लावून ठेवायचं.