कळ कोणाच्या हाती

[दृश्य: पहाट. डॅन्यूब नदीवर धुकं. दूर पोलाद कारखान्याच्या चिमण्या.]

धातुशास्त्र शिकलेल्या माणसाला 'एल. डी.' ही दोन अक्षरं सांगावी लागत नाहीत. लोखंडाच्या तापलेल्या रसात वरून शुद्ध प्राणवायू सोडायचा आणि त्याचं पोलाद करायचं, अशी ही रीत. आपल्याकडे ती राउरकेल्यात आली, जमशेदपुरात आली. 'एल. डी. शॉप' हा शब्द तिथल्या कामगारांच्या तोंडी बसला. त्यातला 'एल' म्हणजे हे शहर. लिंत्स. ऑस्ट्रियातलं, नदीकाठचं, सुमारे २ लाख वस्तीचं. १९५२ साली या पद्धतीचं पोलाद पहिल्यांदा कारखान्यातून बाहेर पडलं ते इथे.

दर सप्टेंबरात याच शहरात कलावंत, अभियंते, संगीतकार, संशोधक, कायद्याचे जाणकार आणि विद्यार्थी जमतात. डिजिटल कला आणि माणसाचं उद्या, हा त्यांचा विषय. या मेळाव्याचं नाव आर्स इलेक्ट्रॉनिका. पण तिकडे जाण्याआधी थोडं या चिमण्यांपाशी थांबू या.

[दृश्य: कारखान्याची जुनी कृष्णधवल छायाचित्रं.]

हा कारखाना १९३८ साली नाझी राजवटीनं उभारायला घेतला. त्याला नाव दिलं होतं हिटलरचा सहकारी हेर्मान ग्योरिंग याचं. इथून जवळच माउटहाउझेनची छळछावणी होती. तिच्या शाखा खुद्द लिंत्समध्ये निघाल्या आणि तिथल्या कैद्यांना या कारखान्यात राबवलं गेलं. अनेक जण त्यात मेले. हे आधी सांगायलाच हवं, कारण यंत्राचा विचार माणसाला वगळून केला की काय होतं, हे या शहराला कुठल्या ग्रंथात वाचावं लागलेलं नाही.

युद्ध संपलं, कारखाना सरकारी झाला. घराघरात पगार येऊ लागला आणि खिडक्यांवर काजळी बसू लागली. लिंत्सची हवा इतकी वाईट होती, की 'लिंत्समध्ये दुर्गंधी' असं जर्मन भाषेत यमक जुळवून उरलेला ऑस्ट्रिया या शहराला चिडवायचा. व्हिएन्नाकडे संगीत, साल्झबुर्गकडे मोझार्ट, आणि लिंत्सकडे धूर.

[दृश्य: संध्याकाळ. नदीकाठचं उद्यान. एका घराच्या खिडकीत ठेवलेला जुना रेडिओ.]

१८ सप्टेंबर १९७९. आपल्याकडे तेव्हा दूरदर्शनला रंगही आला नव्हता. त्या दिवशी लिंत्समध्ये आर्स इलेक्ट्रॉनिका पहिल्यांदा भरलं. ते सुरू करणारे चौघे होते. हानेस लिओपोल्डझेडर हे ऑस्ट्रियाच्या सरकारी नभोवाणीच्या प्रादेशिक केंद्राचे प्रमुख. हर्बर्ट फ्रांके मूळचे भौतिकशास्त्रज्ञ, यंत्रांकडून चित्रं काढून घेण्याचे प्रयोग त्यांनी १९५०च्या दशकातच केले होते. हुबर्ट बोगनरमायर इलेक्ट्रॉनिक संगीत करायचे आणि उलरिश र्‍युत्सेल संगीताचे निर्माते होते. संगणक हा शब्द ऐकला की लोकांना बँकेची कचेरी आठवायची असे ते दिवस. तेव्हा या चौघांनी मेळाव्याच्या नावापुढे तीन शब्द ठेवले, कला, तंत्रज्ञान आणि समाज. आज ४५ वर्षं उलटून गेली तरी ते तसेच आहेत. मला यातला तिसरा शब्द सगळ्यात महत्त्वाचा वाटतो.

त्या वर्षी नदीकाठी संगीतकार ब्रुकनरची आठवी सिंफनी, म्हणजे वाद्यवृंदासाठीची मोठी रचना, मोठमोठ्या ध्वनिक्षेपकांवरून ऐकवायची ठरली. अंतोन ब्रुकनर म्हणजे घरचाच माणूस. एकोणिसाव्या शतकात तो इथल्या प्रमुख चर्चमध्ये ऑर्गन वाजवायचा. पण त्याचं संगीत एरवी कोट घालून सभागृहात बसणाऱ्यांचं. आयोजकांनी गावाला विनंती केली, की कार्यक्रम रेडिओवरून लागेल, तेव्हा आपापले रेडिओ खिडकीत आणून ठेवा आणि आवाज मोठा करा.

लोकांनी ठेवले. उद्यानात सुमारे १ लाख माणसं जमली होती, म्हणजे शहराच्या निम्म्या संख्येइतकी. ध्वनिक्षेपकांतून येणारं संगीत आणि घरोघरच्या खिडक्यांतून येणारं संगीत मिळून जे झालं त्याला नाव पडलं 'ध्वनीचा ढग'. हा ढग अजूनही दरवर्षी लिंत्सवर उतरतो.

त्या रात्री तंत्र काही फार नवं नव्हतं. नभोवाणी होती, ध्वनिक्षेपक होते. नवं होतं ते हे, की भट्टीवरची पाळी संपवून घरी आलेला माणूस आपल्या स्वयंपाकघरातला रेडिओ उचलून खिडकीत ठेवतो आणि त्याच्या खिडकीपुरता तो ढग त्याच्या हातात असतो.

[दृश्य: पंख पसरलेल्या, मस्तक नसलेल्या विजयदेवतेची सोनेरी मूर्ती.]

१९८७ पासून इथे पारितोषिकं दिली जातात. पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात सामोथ्राकीच्या विजयदेवतेचा पुतळा आहे, त्यावरून घडवलेली ही सोनेरी मूर्ती, 'गोल्डन निका'. पहिल्याच वर्षी ती पिक्सार या अ‍ॅनिमेशन कंपनीच्या जॉन लॅसेटरना मिळाली, दोन टेबललॅम्पच्या त्या चिमुकल्या चित्रपटासाठी. तिथवर सगळं ओळखीचं होतं. चित्र होतं, चित्रकार होता.

१९९९ साली निका दिली गेली लिनक्सला. एका ऑपरेटिंग सिस्टिमला कलेचं पारितोषिक! वाद झाला, आणि तो व्हायलाच हवा होता. प्रश्न साधा होता, हजारो अनोळखी लोकांनी मिळून लिहिलेली, कुणालाही उघडून बघता येईल आणि बदलता येईल अशी वस्तू, ती कला का नाही? २००४ साली डिजिटल समुदायांसाठीची निका विकिपीडियाला मिळाली. मराठी विकिपीडिया १ मे २००३ रोजी, महाराष्ट्र दिनी सुरू झाला होता. म्हणजे त्या मूर्तीत रात्री जागून मराठीत लेख लिहिणाऱ्या, एकमेकांची शुद्धलेखनं तपासणाऱ्या आपल्या माणसांचाही कणभर वाटा आहे. पुढच्याच वर्षी, २००५ साली, ती केरळच्या 'अक्षय' प्रकल्पाला मिळाली. घरटी एका माणसाला संगणक वापरता आला पाहिजे, एवढंच ध्येय घेऊन मलप्पुरम जिल्ह्यात सुरू झालेलं ते काम.

[दृश्य: गोल मातीचा वाफा. मधोमध पांढरा यांत्रिक हात. हात वळतो, पाण्याचा थेंब पडतो.]

मला विचाराल तर लिंत्समधली सगळ्यात हळवी गोष्ट एक बाग होती. केन गोल्डबर्ग आणि जोसेफ सांतारोमाना यांनी १९९५ साली कॅलिफोर्नियात सहकाऱ्यांसह ती केली, पुढच्या वर्षी ती लिंत्सच्या नव्या आर्स इलेक्ट्रॉनिका केंद्रात आली आणि २००४ पर्यंत तिथे होती. नाव 'टेलिगार्डन'. एक गोल वाफा, मधोमध कारखान्यात वापरतात तसला यांत्रिक हात. जगाच्या कुठल्याही कोपऱ्यातून इंटरनेटवर यायचं, कॅमेऱ्यातून वाफा बघायचा, हाताला सांगायचं, इथे पाणी घाल. थोडे दिवस नेमानं पाणी घातलंत की तुम्हाला एक बी पेरायला मिळायची.

तेव्हाचं इंटरनेट आठवा. मोडेमची ती कर्कश शिट्टी, एकेक चित्र वरून खाली उलगडणार, आणि मध्येच घरी कुणाचा फोन आला की सगळं बंद. एवढं सोसून माणसं यायची ती दूरच्या, कधी हात न लागणाऱ्या रोपाला पाणी घालायला. आणि तेही एकाच रोपाला नाही. शेजारचं कुणा अनोळखी माणसाचं रोप सुकलेलं दिसलं तर त्यालाही घालता यायचं. ज्या यांत्रिक हातानं मोटारींचे भाग जोडायचे, त्याच्याकडून इथे झेंडू-मिरचीच्या वाफ्याला शोभावं असं काम चाललं होतं.

आणि एक शंका प्रत्येकाला यायची. ही बाग खरंच आहे का? की कुणीतरी आधी काढून ठेवलेली छायाचित्रं आपल्याला दाखवतंय? गोल्डबर्ग यांना ही शंकाच हवी होती. पडद्यावर दिसतं त्यावर विश्वास कशाच्या बळावर ठेवायचा, हा त्या बागेत पेरलेला प्रश्न होता. आज कुणाच्याही चेहऱ्याला कुणाचाही आवाज लावता येतो. तो प्रश्न घरोघरी पोचलाय.

[दृश्य: रेल्वे स्थानकालगतची प्रचंड काँक्रीटची इमारत. आत पार्सलं खाली सोडायच्या नागमोडी घसरगुंड्या.]

अलीकडच्या अनेक वर्षांत मेळाव्याचा मुख्य तळ होता या इमारतीत. हे टपाल खात्याचं जुनं वर्गीकरण केंद्र. टपालाचं काम इथून हललं आणि २०१५ पासून ही जागा कलेला मिळाली. नाव 'पोस्टसिटी'. एके काळी पार्सलं ज्या घसरगुंड्यांवरून गोल गोल खाली यायची त्या तशाच आहेत. तळघरातल्या खोल्यांमध्ये अंधार आणि गारठा. त्यात कुठे प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशी, कुठे आवाज ऐकून हलणारे धागे, कुठे एखादं शिकाऊ विद्यार्थ्याचं अर्धवट चाललेलं यंत्र आणि शेजारी स्क्रूड्रायव्हर घेऊन बसलेला तो विद्यार्थी. वरच्या मजल्यावर दिवसभर चर्चा.

चर्चेला दरवर्षी एक सूत्र असतं. २०१७ साली कृत्रिम बुद्धिमत्ता होतं, म्हणजे आज घराघरात चाललेली ही चर्चा सुरू व्हायच्या पाच वर्षं आधी. २०१८ साली 'चूक'. २०२३ साली 'सत्य कोणाच्या मालकीचं?' २०२४ साली 'आशा'. २०२५ साली 'घबराट', आणि पुढे दोन पर्याय, हो की नाही.

'मानवकेंद्री' हा शब्द आता सगळ्यांच्याच तोंडी आहे. कंपन्यांच्या जाहिरातीत आहे, सरकारी धोरणात आहे. पण माणूस मधोमध बसवला म्हणजे त्याच्या हाती काही दिलं असं होत नाही. दवाखान्यातल्या खुर्चीतसुद्धा माणूस मधोमधच असतो. भिंतीपासून जमिनीपर्यंत हलतं चित्र पसरलेली दालनं आता आपल्या शहरांतही दिसतात. लोक आत जातात, दिपून जातात, सेल्फी काढतात आणि बाहेर येतात. त्या दालनात आपण गेलो काय आणि न गेलो काय, चित्राला फरक पडत नाही. मला त्याचं वाईट वाटतं.

[दृश्य: रात्र. नदीच्या उत्तर काठावर रंग बदलणारी काचेची इमारत.]

हे आर्स इलेक्ट्रॉनिका केंद्र. १९९६ साली उघडलं, २००९ साली वाढवलं. मालकी शहराची, म्हणजे कर भरणाऱ्यांची. या इमारतीची काचेची कातडी हजारो एलईडी दिव्यांची आहे. आणि बाहेर, गच्चीवर, एक साधा खांब उभा केलाय. तिथे येणारा जाणारा कुणीही या अख्ख्या भिंतीचे रंग बदलू शकतो. आपल्या फोनमधलं गाणं लावलं तर इमारत त्या तालावर उजळते.

२०१२ साली याच नदीवर ४९ ड्रोन दिवे लावून एकत्र उडाले. ड्रोनची रोषणाई पुढे आपणही दिल्लीत प्रजासत्ताक दिनाच्या सोहळ्यात पाहिली. पण त्या रात्री आकाशाइतकंच बघण्यासारखं काही खाली काठावर होतं. लिंत्सच्या लोकांनी आपापल्या घरी, शाळांत बसून दिव्यांची अक्षरं तयार केली होती आणि ती उचलून ते नदीवर आले होते.

[दृश्य: मुंबई. फोर्ट. जीपीओचा घुमट. रात्रीची वर्दळ.]

२००७ साली परस्परसंवादी कलेची गोल्डन निका मुंबईच्या अशोक सुकुमारन यांना मिळाली. त्या कलाकृतीचं नाव 'पार्क व्ह्यू हॉटेल'. २००६ साली अमेरिकेतल्या सॅन होजे शहरात ती मांडली होती. एका बाजूला सार्वजनिक बाग, समोर महागडं हॉटेल. 'बागेचं दृश्य' म्हणून खोलीचे जादा पैसे हॉटेल घेतं, पण बागेतल्या माणसाला हॉटेलकडे बघून काय मिळतं? सुकुमारन यांनी बागेत दुर्बिणीसारखी उपकरणं ठेवली. बाकावरच्या माणसानं ते वरच्या खिडकीवर रोखायचं. तिथून उत्तर यायचं, खोलीतला रंग, खोलीतला उजेड बाहेर पडायचा.

त्याच्या आदल्या वर्षी, २००५ साली, त्यांनी मुंबईत असंच एक काम केलं होतं, इथे, या जीपीओजवळच्या चौकात. इमारतींच्या कडांवर, झाडांवर, दिव्यांच्या खांबांवर माळा. गणपतीच्या दिवसांत या शहरात जी रोषणाई लटकते, तिच्याच नात्यातली. पण या माळांना वेळ लावलेली नव्हती. चौकाच्या कडेला एक दांडा होता, उसाच्या चरकाला असतो तसा हातानं फिरवायचा.

कुणीही यावं आणि फिरवावा. दांडा फिरला की उजेड पुढे सरके, या भिंतीवरून त्या फांदीवर, फांदीवरून खांबावर, चौकाभोवती. जोरात फिरवला तर जोरात. उलटा फिरवला तर मागे.

[दृश्य: चौक. दांडा फिरवणारा हात. बाकी आवाज हळूहळू कमी. हात थांबतो. उजेड एका झाडावर थांबलेला.]