फोन कोण घेणार?

अध्यक्ष महोदय, वाचनालयाची मंडळी आणि मे महिन्यात नागपुरात संध्याकाळी साडेसहाला घराबाहेर पडायची हिंमत केलेले तुम्ही सगळे, नमस्कार. पत्रिकेवर विषय छापलाय ‘कर्णबधिर शाळेचा मुख्याध्यापक कसा निवडावा’. एवढा कोरडा विषय ऐकायला साठेक माणसं आली म्हणजे एक तर तुमचं या विषयावर प्रेम आहे, नाहीतर तुमच्या घरचा कूलर बिघडलाय.

कूलरचं निघालंच म्हणून विचारतो. हा डावीकडचा रणगाडा चालू असताना मागच्या दोन रांगांना मी ऐकू येतोय का? नाही ना? म्हणजे आत्ता तुम्ही माझ्या ओठांकडे बघून अंदाज बांधताय. मग एक गंमत करू. आवाज न काढता एक शब्द म्हणतो, ओळखा. … काय म्हणालो? तिकडून ‘बाबा’ आलं. काकू म्हणतात ‘पापा’. मी ‘मामा’ म्हणालो होतो. पण चूक तुमची नाही. प, ब आणि म ओठांवर सारखेच दिसतात. फरक होतो गळ्यात आणि नाकात, तो बाहेरून दिसायचा कसा? क आणि ग तर ओठांपर्यंत येतच नाहीत. तुम्हाला पाळण्यापासून मराठी येते, तरी मामाचा बाबा झाला. ज्या मुलानं मराठी कधी ऐकलीच नाही, त्यानं ओठ बघूनच ती शिकावी, हा आपला हट्ट शंभर वर्षांहून जुना आहे. तो कुठून आला ते वेळ उरला तर सांगतो. वेळ उरत नाही, हा माझा अनुभव आहे.

मी शिक्षक नाही. बँकेत नोकरी केली, निवृत्त झालो. मेहुण्यांच्या आग्रहानं एका संस्थेच्या कार्यकारिणीत शिरलो तो अजून बाहेर पडलेलो नाही. संस्थेची कर्णबधिर मुलांची निवासी शाळा आहे. कोणती ते सांगणार नाही, आणि नंतर बाहेर पन्ह्याच्या टेबलापाशी विचारूही नका. पाटीवर अजून ‘मूकबधिर’ लिहिलंय. यातल्या ‘मूक’वर आमच्या माजी विद्यार्थ्यांचा राग आहे, आणि तो रास्त आहे. एकदा त्यांच्या स्नेहसंमेलनाला जाऊन बसा. चाळीस माणसं एकाच वेळी हातांनी बोलत असतात, कोणी कोणाचं तोंड धरू शकत नाही. त्यांना मूक म्हणणारा माणूस त्या दिवशी दालनातला एकटा मूक असतो.

तर बारा वर्षांपूर्वीची गोष्ट. आमचे मुख्याध्यापक निवृत्त झाले. सेवाज्येष्ठतेनं ज्या बाईंचा नंबर होता त्यांनी लेखी नकार दिला. कारण सरळ होतं. मुख्याध्यापक झालं की वर्ग सुटतो आणि समाजकल्याणच्या चकरा सुरू होतात. पुढच्या दोघांनीही हात वर केले, म्हणून जाहिरात काढली. निवड समितीत आम्ही पाच जण : एक डॉक्टर, एक वकील, सचिव, एक निवृत्त प्राचार्य आणि मी. पाचांपैकी खुणांची भाषा येणारे किती? शून्य. हे आज सांगताना लाज वाटते. तेव्हा कोणाच्या डोक्यातही आलं नाही.

गुणपत्रिका मीच तयार केली होती. बँकेतली सवय. पात्रता, अनुभव, प्रशासन, आणि शेवटचा रकाना ‘व्यक्तिमत्त्व व वक्तृत्व’, त्याला वीस गुण. कर्णबधिरांच्या शाळेत वक्तृत्वाला वीस गुण! हसा, हसा. मलाही आता हसू येतं.

सात उमेदवार आले. सगळ्यांची नाही सांगत, दोघांची सांगतो. पहिले गृहस्थ टाय लावून आले. आवाज असा की खिडकीची तावदानं हलावीत. कर्णबधिरांच्या शिक्षणाची पदवी होती, पण पदवी आहे म्हणून खुणा येतातच असं तेव्हा नव्हतं. अभ्यासक्रमात ऑडिओग्राम म्हणजे ऐकण्याच्या तपासणीचा आलेख, श्रवणयंत्र, वाचा-उपचार भरपूर आणि खुणा तोंडी लावण्यापुरत्या. प्राचार्यांनी त्यांच्या कागदावर शेरा मारला : ‘आवाज खणखणीत. शिस्त आणतील.’ मी वीसपैकी अठरा दिले.

दुसरा आमचाच जुना विद्यार्थी. पूर्ण कर्णबधिर. बाहेरून पदवी केली, विशेष शिक्षणाचं बी.एड. केलं, शेजारच्या जिल्ह्यातल्या शाळेत नऊ वर्षं शिकवत होता. दुभाषी म्हणून बहिणीला घेऊन आला, कारण दुभाषी आपण द्यायचा असतो हे आम्हाला ठाऊकच नव्हतं. आम्ही काय केलं? सगळे प्रश्न बहिणीला विचारले. ‘त्याला विचारा, अनुदानाचा प्रस्ताव करता येतो का?’ ‘त्याला विचारा, पगार किती अपेक्षित आहे?’ तिसऱ्या ‘त्याला विचारा’ला ती शांतपणे म्हणाली, ‘सर, त्यालाच विचारा ना. मी फक्त आवाज आहे.’

वकीलसाहेब थोडे ओशाळले. पण सचिवांनी हुकमाचा एक्का काढला : ‘सगळं ठीक आहे हो, पण ऑफिसात फोन आला तर कोण घेणार?’ बहिणीनं खूण करून सांगितलं. त्यानं समोरचा कोरा कागद ओढला आणि वळणदार अक्षरात लिहिलं : ‘आत्ता कोण घेतं?’

आत्ता कोण घेतं? आमचे लिपिक घेत होते. वीस वर्षं तेच घेत होते. आधीच्या मुख्याध्यापकांनी फोनला हात लावलेला कोणाला आठवत नव्हता, कारण फोन लिपिकाच्या टेबलावर असायचा आणि मुख्याध्यापक दुसऱ्या खोलीत बसायचे. आम्ही पाचही जण कागदाकडे बघत राहिलो. मग डॉक्टर म्हणाले, ‘ठीक आहे, कळवू.’ वक्तृत्वाच्या रकान्यात मी त्याला तीन दिले. त्यातलाही एक अक्षरासाठी.

टायवाले रुजू झाले. माणूस वाईट नव्हता, हे सांगायला हवं. कागदपत्रं चोख, तपासणीला कधी एक त्रुटी निघाली नाही. पण आल्या महिन्यातच त्यांनी शाळेत ध्वनिक्षेपक बसवला. चार कोपऱ्यांत चार भोंगे, रोज सकाळी प्रार्थना, सूचना, सुविचार. आमची मुलं मैदानात ओळीनं उभी राहून भोंग्यावर बसलेले कावळे मोजायची. भोंग्यांच्या बिलावर सही माझी आहे.

मुलांनी महिन्याभरात साहेबांना नाव ठेवलं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो : कर्णबधिर समाजात प्रत्येकाला खुणेचं नाव असतं, आणि ते आपण निवडायचं नसतं, ते मिळतं. कोणाच्या गालावरचा तीळ, कोणाचं कपाळावर केस मागे सारणं. साहेबांचं नाव पडलं असं : तोंडासमोर बोटं उघड-मीट, उघड-मीट. माझं नाव मला पुष्कळ उशिरा कळलं, ते शेवटी सांगतो.

आता ज्या रात्रीमुळे मी हे व्याख्यान देतोय ती रात्र. वसतिगृहातला सात वर्षांचा एक मुलगा, मेळघाटातून आलेला. रात्री नऊच्या सुमारास रडत साहेबांकडे गेला. एका बोटानं कान दाखवला, मग चिमटीत काहीतरी बारीक गोल दाखवलं, मग तोंड, मग गळ्यावरून हात खाली. साहेबांनी अर्थ काढला : कान दुखतोय, जेवण गेलं नाही. कानात थेंब घातले, दूध पाजलं, झोपायला पाठवलं. मुलगा झोपेना. तो गेला स्वयंपाकघरात. तिथे आमच्या मावशी भांडी आवरत होत्या. मावशी चौथी शिकलेल्या, पण बावीस वर्षं त्या मुलांना पोळ्या वाढतायत. त्यांनी एकदा बघितलं आणि तडक साहेबांच्या दारात. ‘साहेब, कान नाही दुखून राह्यला त्याचा! मशिनीतला सेल गिळला ना जी पोट्ट्यानं!’

श्रवणयंत्राचा सेल केवढा असतो माहीत आहे? तुरीच्या डाळीएवढा, थोडा मोठा. आणि बटणासारखा कोणताही सेल अन्ननलिकेत अडकला तर काही तासांत आतली त्वचा जाळतो. घरी नातवंडं असतील तर रिमोटमधला मोठा चपटा सेल आधी सांभाळा, तो याहून घातक. तर त्याला रात्रीच दवाखान्यात नेलं. एक्स-रेत पोटात पांढरा ठिपका दिसला. अन्ननलिका पार करून गेला होता, नशीब. दोन दिवसांनी बाहेर पडला. मी दवाखान्याच्या बाकावर मावशींशेजारी बसलो होतो आणि मला सारखा तो कागद आठवत होता. फोन कोण घेणार म्हणून आम्ही ज्याला नाकारलं, त्याला हे पोरगं काय सांगतंय ते एका क्षणात कळलं असतं.

अध्यक्षांनी चिठ्ठी पाठवली आहे. ‘दहा मिनिटे’. म्हणजे अमेरिका पटकन उरकतो. तिथे वॉशिंग्टनला गॅलोडेट म्हणून कर्णबधिरांचं विद्यापीठ आहे. १८६४ साली लिंकननं सनदेवर सही केली. तेव्हापासून १२४ वर्षं प्रत्येक अध्यक्ष ऐकू येणारा. मार्च १९८८ मध्ये शेवटच्या यादीत तिघं उरले, दोन कर्णबधिर आणि एक ऐकू येणाऱ्या बाई. विश्वस्त मंडळानं बाईंना निवडलं, आणि त्यांना खुणांची भाषा येत नव्हती. विद्यार्थ्यांनी फाटकं बंद केली, आठवडाभर विद्यापीठ ठप्प. मंडळाच्या अध्यक्षा समजावायला सभागृहात आल्या तर कोणीतरी आगीची घंटा सुरू केली. त्या म्हणाल्या, या गोंगाटात बोलणं शक्य नाही. समोरून खुणेनं उत्तर आलं : कसला गोंगाट? आमचे भोंगे ज्यानं बिघडवायला हवे होते असा एकही विद्यार्थी आमच्याकडे नव्हता, याचं मला वाईट वाटतं. असो. १३ मार्चला किंग जॉर्डन अध्यक्ष झाले, पहिले कर्णबधिर अध्यक्ष. विद्यार्थ्यांची आणखी एक मागणी होती, ती लोक विसरतात : मंडळात किमान ५१ टक्के सदस्य कर्णबधिर हवेत. निवडणारेच बदला. माझा सगळा मुद्दा तेवढाच आहे, आणि त्यासाठी आता पाच मिनिटं उरली.

तर भराभर. सध्याचे साहेब ३१ मे रोजी निवृत्त होतायत. नवी जाहिरात निघायची आहे. माझं म्हणणं असं की मुलाखत मुलांच्या भाषेत व्हावी. समितीत दोन कर्णबधिर माणसं असावीत, मताच्या अधिकारासह. चहा प्यायला नव्हे. दुभाषी संस्थेनं द्यावा, आणि तो आमच्यासाठी, कारण खुणा न येणारे आम्ही आहोत. प्रत्येक उमेदवारानं पाचवीच्या वर्गावर एक तास घ्यावा आणि संध्याकाळी अर्धा तास वसतिगृहात घालवावा. नववी-दहावीच्या मुलांनी त्याला प्रश्न विचारावेत. मावशींचं मत लेखी घ्यावं, सही येते त्यांना.

हे क्रांतिकारक वगैरे काही नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातच लिहिलंय की सांकेतिक भाषा येणारे शिक्षक नेमा, दिव्यांग शिक्षकांसह. सरकारी नोकऱ्यांत ४ टक्के आरक्षण आहे, त्यातला १ टक्का कर्णबधिरांचा. २०२० च्या शैक्षणिक धोरणात भारतीय सांकेतिक भाषेचं प्रमाणीकरण आहे. दिल्लीच्या भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्रानं २०२१ पर्यंत दहा हजार शब्दांचा खुणाकोश केला. आमच्या मुलाखतीच्या वेळी हे काहीच आलेलं नव्हतं असा बचाव सचिव करतात. अहो, हा कायदा नव्हता, पण अक्कल होती ना!

कोणी विचारेल, कॉक्लिअर इम्प्लांट, म्हणजे शस्त्रक्रियेनं कानात बसवायचं यंत्र, झालं की मुलं बोलतात, मग खुणा कशाला? ज्यांना लवकर बसलं आणि लाभलं ती शेजारच्या शाळेत जातात, आनंदच आहे. आमच्या वसतिगृहात जी येतात ती उशिरा येतात, सहा वर्षांची, आठ वर्षांची, हातात एकही भाषा नसलेली. दहापैकी नऊहून जास्त कर्णबधिर मुलं ऐकू येणाऱ्या आईबापांच्या पोटी येतात, त्यांना घरात भाषा देणार कोण? आणि नुसता कर्णबधिर आहे म्हणून नेमा असंही मी म्हणत नाही. अनुदानाचा हिशेब न जुळवणारा कर्णबधिर मुख्याध्यापकही मला नको. दोघांना एकाच मापानं मोजा, एवढंच.

ओठ बघूनच शिकवायचा तो जुना हट्ट राहिलाच. १८८० मध्ये इटलीत मिलानला शिक्षकांची परिषद भरली, तिनं खुणा वर्गाबाहेर काढल्या. १६४ प्रतिनिधींमध्ये कर्णबधिर एक. त्यानंतर पाच वर्षांनी मुंबईत आपली पहिली शाळा निघाली, आणि वारं कोणत्या दिशेचं होतं ते आलंच ध्यानात. त्याच परिषदेच्या परंपरेतल्या लोकांनी २०१० मध्ये खेद व्यक्त केला. एकशे तीस वर्षांनी. आमची समिती त्या मानानं चपळ, बारा वर्षांतच ओशाळली.

दुसरी चिठ्ठी आली. माझं नाव सांगायचं राहिलं. मुलं मला अशी हाक मारतात, बघा : छातीवरच्या खिशातून चिमटीनं पेन काढायचा आणि हवेत एक रेघ ओढायची. सहीवाला. जाहिरातीचा मसुदा आत्ता माझ्याकडेच आहे, परवाच्या बैठकीत मंजूर व्हायचाय. सचिवांनी जुनाच उतरवून काढलाय, पाचव्या ओळीत ‘प्रभावी वक्तृत्व आवश्यक’ तसंच आहे. थांबा, ते इथेच खोडतो, तुमच्यासमोर. अध्यक्ष महोदय, जरा तुमचा पेन देता का? माझा घरी राहिला वाटतं.