सवलत नाकारणारी माणसं

अबू दाऊद यांच्या हदीससंग्रहात, म्हणजे प्रेषितांच्या वचनांच्या आणि आठवणींच्या संग्रहात, एका प्रवासातला प्रसंग आला आहे. काही सहाबा, म्हणजे प्रेषितांचे सोबती, सफरीवर होते. त्यातल्या एकाच्या डोक्याला दगड लागला, मोठी जखम झाली. त्याच अवस्थेत त्याच्यावर आंघोळ फर्ज, म्हणजे धर्मानं बंधनकारक, झाली. त्यानं सोबत्यांना विचारलं, ‘मला तयम्मुमची मुभा आहे का?’ म्हणजे पाण्याऐवजी स्वच्छ मातीनं शुद्ध होण्याची. सोबती म्हणाले, ‘पाणी हाताशी असताना कसली मुभा?’ त्यानं आंघोळ केली आणि तो दगावला. प्रेषित मुहम्मद (स.) यांच्या कानावर हे गेलं तेव्हा ते म्हणाले, ‘यांनी त्याला मारलं. माहीत नव्हतं तर विचारलं का नाही? अज्ञानावरचा इलाज विचारणं हाच आहे.’

मित्रहो, इस्लाम आणि आरोग्य हा विषय निघाला की वजू (नमाजआधी हात-तोंड-पाय धुणं), मिस्वाक (दातवण), मध, कलौंजी यांची यादी सुरू होते. त्यावर मीही बोलेन, पण थोडक्यात. आज मला बोलायचंय ते या सोबत्यांविषयी. ती माणसं वाईट नव्हती. दीन, म्हणजे धर्म, कसोशीनं पाळायचा एवढीच त्यांची तळमळ होती, आणि त्या तळमळीनं एक जीव घेतला. अशी तळमळ आजही घराघरांत दिसते, म्हणून हा प्रसंग.

हजरत अब्दुल्लाह इब्न अम्र (र.) तरुण होते. रोज रोजा, रात्रभर नमाज. प्रेषितांनी त्यांना बोलावून सांगितलं, ‘असं करू नकोस. रोजा ठेव आणि सोडही, नमाज पढ आणि झोपही. तुझ्या शरीराचा तुझ्यावर हक्क आहे, डोळ्यांचा हक्क आहे, बायकोचा हक्क आहे.’ महिन्यात तीन रोजे पुरेत, असं प्रेषित म्हणाले. यांचा आग्रह ‘मला झेपेल’. शेवटी एक दिवसाआड रोजा, यावर तडजोड झाली. पुढे म्हातारपणी अंगातलं बळ ओसरल्यावर तेच म्हणत, ‘प्रेषितांनी दिलेली सवलत तेव्हा घेतली असती तर बरं झालं असतं.’

शरीर ही अल्लाहची अमानत. ती जपायची, आपल्या हौसेखातर झिजवायची नाही, मग ती हौस इबादतीची, म्हणजे उपासनेची, का असेना. शरियतचे हेतू सांगताना उलेमांनी, म्हणजे धर्मपंडितांनी, जीविताचं रक्षण हा मूलभूत हेतूंपैकी एक मानला, तो उगाच नाही.

स्वच्छतेचं थोडक्यात सांगतो. झोपेतून उठल्यावर हात धुतल्याशिवाय भांड्यात बुडवू नका, रात्री भांडी झाकून ठेवा, साचलेल्या पाण्यात लघवी करू नका, पाणवठ्यावर, वाटेवर आणि सावलीच्या जागी घाण करू नका. जंतू कोणी पाहिले नव्हते तेव्हाचे हे नियम आहेत. आणि प्रेषित वजू करत ती एक मुद पाण्यात, म्हणजे लिटरभरसुद्धा नाही. नळ सोडून वजूला बसणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं. जेवणाबद्दलही मोजकंच आहे: पोटाचा तिसरा हिस्सा अन्नाला, तिसरा पाण्याला, तिसरा श्वासाला. इफ्तारच्या दस्तरखानावर ही हदीस कुणाला आठवत नाही, हा भाग वेगळा.

आता साथीच्या रोगांकडे येऊ. खलिफा हजरत उमर (र.) शामकडे, म्हणजे आजच्या सीरियाच्या परिसराकडे, निघाले होते. सर्ग या ठिकाणी सेनापती अबू उबैदा (र.) भेटले आणि शाममध्ये ताऊन, म्हणजे प्लेग, पसरल्याची खबर मिळाली. उमर यांनी मुहाजिरांना, म्हणजे मक्केहून स्थलांतर केलेल्यांना, विचारलं, मत फुटलं. अन्सारांना, म्हणजे त्यांना आसरा देणाऱ्या मदीनावासीयांना, विचारलं, तिथंही फुटलं. मग कुरैश या टोळीच्या ज्येष्ठांना विचारलं. त्यांनी एकमुखानं सांगितलं, लोकांना घेऊन परत फिरा. अबू उबैदा म्हणाले, ‘अल्लाहच्या तकदीरपासून पळता?’ उमर उत्तरले, ‘होय. अल्लाहच्या एका तकदीरकडून अल्लाहच्याच दुसऱ्या तकदीरकडे.’ आणि पुढे विचारलं, ‘तुझे उंट दरीत उतरले, एक बाजू हिरवी आणि दुसरी उजाड असली, तर हिरव्या बाजूला चारणं ही तकदीर नाही का?’ एवढ्यात अब्दुर्रहमान इब्न औफ (र.) आले. त्यांना प्रेषितांचं वचन ठाऊक होतं: साथ असलेल्या मुलखात जाऊ नका, आणि तुम्ही असाल तिथे साथ आली तर तिथून पळून जाऊ नका. उमर यांनी अल्लाहची स्तुती केली आणि ते मागे फिरले. अबू उबैदा आपल्या माणसांत राहिले आणि त्याच साथीत वारले. तवक्कुल, म्हणजे अल्लाहवरचा भरवसा, याचा अर्थ खबरदारी सोडणं, असं समजणाऱ्यांनी खलिफाचं हे मागं फिरणं वाचावं.

औषधोपचाराबाबतही तेच. ‘इलाज करा, अल्लाहनं म्हातारपणाखेरीज प्रत्येक आजाराला औषध ठेवलं आहे,’ ही हदीस आहे. हजरत साद (र.) आजारी पडले तेव्हा प्रेषितांनी त्यांना हारिस इब्न कलदा या वैद्याकडे जायला सांगितलं. वैद्यक न जाणता उपचार करणारा नुकसानाला जबाबदार, हेही सांगून ठेवलं. या विचारातूनच पुढे बीमारिस्तानं, म्हणजे रुग्णालयं, उभी राहिली. दमास्कसचं नूरी 1154 मध्ये, कैरोचं मन्सूरी 1284 मध्ये. म्हणून कलौंजीची बाटली दाखवून ‘आता इन्सुलिन बंद करा’ म्हणणारा दुकानदार मला सुन्नतचा, म्हणजे प्रेषितांच्या रीतीचा, सेवक वाटत नाही. कलौंजी खा, बरकत माना, पण डॉक्टरांची चिठ्ठी फाडू नका.

आता रमजान. कुरआनातल्या सूरह बकरामध्ये आजारी आणि मुसाफिराला रोज्याची सूट आहे, ते रोजे पुढे भरून काढता येतात. ज्यांना तेही जमणार नाही त्यांच्यासाठी फिदिया आहे, एका रोज्यामागे एका गरिबाचं जेवण. तरीही मधुमेह झालेले आजोबा ‘इतकी वर्षं चुकला नाही’ म्हणून हट्ट धरतात, आणि घरातले कौतुक करतात. कौतुक करू नका. रमजानच्या दीड-दोन महिने आधी त्यांना डॉक्टरांकडे न्या, रोजा झेपेल का ते विचारा, झेपणार असेल तर गोळ्यांच्या आणि इन्सुलिनच्या वेळा बदलून घ्या. बोटाला टोचून साखर तपासल्यानं रोजा तुटत नाही, असंच बहुतेक उलेमा सांगतात. साखर 70 च्या खाली किंवा 300 च्या वर गेली, घाम सुटला, हात थरथरले, तर मगरिबला, म्हणजे सूर्यास्ताला, दहाच मिनिटं उरली असली तरी रोजा तिथंच सोडायचा. तो एक रोजा नंतर ठेवता येतो.