अक्षरं मोजा, मग कोडं घाला

मंडळी, "सुपभर लाह्या, त्यात एक रुपया" हे कोडं मित्रांच्या व्हिडिओ कॉलवर घातलं तर खेळ दहा सेकंदांत आटोपतो. चांदण्या आणि चंद्र हे उत्तर निम्म्यांना पाठ असतं, उरलेले दुसऱ्या खिडकीत शोधून काढतात. जुन्या कोड्यांचा यात काही दोष नाही, पण फोनवर घालायचं कोडं नवं रचलेलंच हवं. त्यासाठीचा कच्चा माल आपल्या मराठवाड्यात ढिगानं पडलाय.

गावांच्या नावांपासून सुरुवात करा. लातूर घ्या. पहिलं अक्षर काढलं की तूर उरते. झालं कोडं: "तीन अक्षरांचं गाव, डोकं उडवलं तर वरण शिजतं." डाळीच्या बाजारासाठी प्रसिद्ध असलेल्या गावाच्या नावातच डाळ दडलेली, हे उत्तर फुटल्यावर लक्षात येतं आणि मजा तिथंच आहे. धाराशिव मधोमध तोडा: "चार अक्षरं, निम्मी वाहतात, निम्मी पुजतात." खाण्यातला हुरडा तर मासलाच आहे: "आगटीभोवती हसत खाता, डोकं उडवलं तर म्हणतो, रडा!" घराकडे वळलात तर माळवद, म्हणजे मातीचं सपाट छत आहे. पहिली दोन अक्षरं गळ्यात, उरलेली दोन म्हणजे 'बोल'. फक्त पुण्या-मुंबईचे मित्र खेळात असतील तर हा शब्द जपून वापरा. ज्यानं मातीचं धाबं पाहिलंच नाही, त्याच्यासाठी ते कोडं राहत नाही, शिक्षा होते.

रीत सोपी आहे. शब्द कागदावर लिहा. एकदा पहिलं अक्षर झाका, एकदा मधलं, एकदा शेवटचं, मग मधोमध तोडा. उरलेल्या तुकड्याला अर्थ असेल तरच पुढं जा. बरेच शब्द काहीच देत नाहीत. जालन्याचं मधलं अक्षर काढलं तर 'जाना' असं हिंदी हाती लागतं, सोडून द्या.

कोडं बिघडतं ते बहुतेक वेळा दोन उत्तरं बसल्यामुळं. "मराठवाड्यातला तीन अक्षरी जिल्हा" एवढंच विचारलंत तर आठ जिल्ह्यांपैकी चार बसतात: लातूर, जालना, नांदेड, हिंगोली. म्हणून अक्षरसंख्येला एक अर्थाचा धागा आणि एक तुकड्याचा धागा जोडायचाच. घालण्याआधी स्वतःच दुसरं उत्तर शोधायला पाच मिनिटं द्या. सापडलं तर कोडं दुरुस्त करा, वाद घालत बसू नका.

आता अक्षरमोजणी, कारण खरी भांडणं इथंच होतात. काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार हे सगळं ज्या अक्षरावर असेल त्याच्याबरोबरच मोजायचं, आणि जोडाक्षर एकच धरायचं. म्हणजे 'क्षेत्र' दोन अक्षरी. गुगल शीटमध्ये लांबी मोजायचं सूत्र लावलंत तर तेच 'क्षेत्र' सात भरतं आणि 'लातूर' पाच! युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकाच्या अक्षरसंकेतांत, मात्रा आणि हलन्त (पाय मोडल्याची खूण) यांना स्वतंत्र स्थान आहे, सूत्र तेच मोजतं. त्यामुळं यंत्रावर भिस्त ठेवू नका, बोटांवर मोजा. 2021 मध्ये आलेल्या वर्डलसारखे इंग्रजी खेळ पाच चौकटींत पाच अक्षरं बसवतात. आपल्याकडे तसं करायचं तर 'त' लिहिलं आणि उत्तरात 'तू' असलं तर अर्धं बरोबर धरायचं का, हे आधी ठरवावं लागतं. अर्धं धरा, खेळ वाहता राहतो. ऱ्हस्व-दीर्घाची चूक माफ. 'तुर' लिहिलं म्हणून गुण कापणारा कोडंवाला कुणालाच नको असतो.

कोडंवाला धरून सहा ते आठ जण पुरेत. व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुप कॉलवर 32 जण मावतात खरे, पण त्या गलक्यात कोडं ऐकूच येत नाही. गुगल मीटवर तिघं किंवा जास्त असले तर फुकटातला कॉल 60 मिनिटांचा. दर कोड्याला चर्चेसकट चार मिनिटं धरली तर बारा कोडी निवांत होतात.

"जो आधी सांगेल त्याला गुण" हा बैठकीतला नियम इथं लावू नका. रेंज कमी असलेल्या तांड्यावरच्या गड्याचा आवाज मागून येतो आणि तो दरवेळी हरतो. कोडं दोनदा वाचा, शिवाय लिहूनही पाठवा, आणि 90 सेकंद द्या. उत्तर ग्रुपवर टाकायचं नाही, फक्त कोडंवाल्याला वेगळं पाठवायचं. ग्रुपवर आलं की बाकीचे बघून लिहितात. पाठवलेला संदेश 15 मिनिटांपर्यंत बदलता येतो, पण बदल केल्याची खूण त्याच्याखाली दिसते. तशी खूण दिसली तर ते उत्तर बाद.

मुदतीत आलेल्या प्रत्येक बरोबर उत्तराला तीन गुण. कुणालाच जमलं नाही तर एक सूचना आणि पुन्हा 90 सेकंद, मग दोनच गुण. सूचना देताना पहिलं अक्षर फोडू नका, शब्दाचा वापर सांगा; हुरड्यासाठी "थंडीत, ज्वारीच्या शेतात" एवढं बास होतं. लाईट जाऊन कुणी मध्येच तुटला तर त्याच्यासाठी थांबायचं नाही, पण त्या कोड्याचे गुण त्याच्या खात्यात वजाही धरायचे नाहीत.