हाताले काम : एका माणसाचे सहा धंदे

(दृश्य : पडवीत ताणलेली तार, दोन टोकांना दोन माणसं)

तार तांब्याची आहे, वरून प्लास्टिकचं वेष्टण. पाण्यात बुडून चालणाऱ्या मोटारीला हीच तार लागते. मध्ये मोटारीचा स्टेटर, म्हणजे न फिरणारा खाचांचा भाग, ठेवलाय. एका बाजूला जळालेल्या मोटारी दुरुस्त करणारे भाऊ, दुसऱ्या बाजूला त्यांच्याकडे काम शिकणारा पोरगा. भाऊंनी एका खाचेतून तार ओवायची, पोराने पलीकडून ओढून घ्यायची आणि दुसऱ्या खाचेतून परत पाठवायची. एक वेढा झाला. असे वेढे मोजत जायचे आणि मोजताना कोणी बोलायचं नाही.

घाटंजीहून पांढरकवड्याकडे जाणाऱ्या रस्त्यावरचं हे गाव. ऑक्टोबर महिना. पाऊस उघडला, पऱ्हाटीला (कपाशीला) पाणी हवंय, हरभऱ्याच्या रानाला ओल हवीय. विहिरीवरच्या मोटारी पुन्हा सुरू झाल्या की त्यातल्या काही जळणारच. व्होल्टेज पडतं. विजेच्या तीनपैकी एक फेज जातो आणि मोटर दोनवर घुरघुरत राहते. थ्री फेज लाइट काही दिवस रात्रीची असते, म्हणून शेतकरी स्टार्टरला ऑटो लावून, म्हणजे लाइट आली की मोटर आपोआप सुरू होईल असं करून, घरी झोपतो. तिकडे विहिरीतलं पाणी संपतं आणि मोटर कोरडी फिरते. सकाळी ती या पडवीत येते.

(दृश्य : जळालेलं वाइंडिंग, म्हणजे मोटारीतले तारेचे वेढे, कापून काढताना; मायक्रोमीटर; वही)

जुनी तार फेकून देत नाहीत. आधी तिचे वेढे मोजतात, मायक्रोमीटर लावून जाडी बघतात आणि वहीत लिहितात : कंपनी कोणती, किती एचपी, खाचा किती, एका खाचेत किती वेढे, कनेक्शन कसं. वहीची पानं तेलाने पिवळी पडली आहेत. तालुक्याच्या दुकानांत मिळणारी जवळपास प्रत्येक मोटर या वहीत आहे. नवीन तार भरली की जोड बांधायचे, त्यावर टेप घट्ट गुंडाळायची, मग टाकीत बुडवून इन्सुलेशन तपासायचं. तार कुठे सोलली असेल तर इथे कळतं आणि सगळं पुन्हा.

हे काम पाहून कोणालाही वाटेल, माणूस जन्मभर हेच करत आला असेल. वाइंडिंग हा भाऊंचा पाचवा धंदा आहे.

गावात याबद्दल बोललं जातं. "याचं एका कामात मनच नाई लागत बाप्पा." लग्नाच्या बैठकीत मुलाचा बाप काय करतो याचं उत्तर एका शब्दात हवं असतं. बँकेच्या फॉर्मवर 'व्यवसाय' या रकान्यात एकाच उत्तराची जागा असते. ज्याने काम बदललं त्याला कुठेच टिकता आलं नाही, असा त्याचा सरळ अर्थ लावला जातो. तो अर्थ चुकीचा आहे, आणि तो का चुकीचा आहे हे दाखवायला आम्ही कॅमेरा घेऊन इथे आलो.

(दृश्य : जिनिंगच्या, म्हणजे कापसातलं बी वेगळं काढणाऱ्या कारखान्याच्या, आवारातली कापसाची गंजी, मागच्या हंगामातलं चित्रण)

सुरुवात कापसापासून झाली. 1972 साली राज्यात एकाधिकार कापूस खरेदी योजना आली. शेतकऱ्याने कापूस सरकारी केंद्रावरच विकायचा. केंद्रांवर बंड्यांच्या (बैलगाड्यांच्या) रांगा लागायच्या, आणि प्रत्येक केंद्राला कापसाची प्रत ठरवणारे ग्रेडर, काटेवाले, चौकीदार, हमाल लागायचे. भाऊ तिथे हमाल म्हणून लागले, मिसरूड फुटायच्या आधी. कापूस हातात घेतल्यावर तो ओला आहे की कोरडा, धागा लांब की आखूड, हे तिथे समजायला लागलं. शिकवलं कोणी नाही. ग्रेडरच्या मागे उभं राहून पाहिलं.

पुढे योजना गुंडाळली गेली, पण त्याआधीच ते जिनिंगमध्ये गेले होते.

(दृश्य : डबल रोलर जिन, जवळून. यंत्राचा आवाज पूर्ण येऊ द्यावा.)

या यंत्रात चामड्याचे दोन रोलर फिरतात. चामडं रुईला, म्हणजे कापसाच्या तंतूंना, धरून आत ओढतं. समोर एक सुरी पक्की बसवलेली असते. सरकी, म्हणजे कापसाचं बी, तिच्यापलीकडे जाऊ शकत नाही. हलणारी पट्टी तिला ठोकत राहते. रुई एकीकडे, सरकी एकीकडे. साधारण पाच क्विंटल कापसातून 170 किलो रुईची एक गाठ निघते. बाकीची बहुतेक सरकी.

सगळं अवलंबून असतं ते चामड्यावर आणि सुरीच्या अंतरावर. चामड्यावर तिरप्या खाचा असतात. त्या घासून गुळगुळीत झाल्या की रोलर रुई धरत नाही, मग रोलर काढून पुन्हा खाचा पाडाव्या लागतात. प्रत्येक वेळी रोलर थोडा बारीक होतो आणि सुरी पुन्हा जवळ आणावी लागते. अंतर जास्त झालं तर सरकीला रुई राहते, फार कमी झालं तर चामडं जळतं. फिटर कानाने ओळखतो. भाऊ फिटर झाले. मोटारीच्या खाचेत तार भरताना त्यांची बोटं इतकी सावकाश का चालतात, ते आम्हाला जिनिंगमधलं चित्रण पाहताना कळलं.

जिनिंगचं काम दिवाळीच्या मागेपुढे सुरू होतं, उन्हाळा लागता लागता संपतं. वर्षातले उरलेले महिने काय करायचं? कापूस पिकवणाऱ्या मुलखात हा प्रश्न हजारो घरांत आहे. कोणी वीटभट्टीवर जातं, कोणी नागपूरला बांधकामावर. धंदा बदलणं इथे दरवर्षीच्या कॅलेंडरमध्येच लिहिलेलं आहे. भाऊंनी काही वर्षं काळीपिवळी टॅक्सी चालवली. मग मंडप-डेकोरेशनवाल्याकडे लायटिंगचं काम धरलं, आणि लग्नाच्या मांडवात एक फेज गेला की काय होतं, हे पहिल्यांदा तिथेच पाहिलं. जनरेटर सुरू करायचा, भार तीन फेजांवर सारखा वाटायचा, गरम झालेली वायर हाताने ओळखायची. तिथून वाइंडिंगपर्यंतचं अंतर फार नव्हतं.

"हात चालते त् काम भेटते," भाऊ म्हणतात. "पयलं काम दुसऱ्या कामाले शिकवते."

(दृश्य : लोहाराचा बंद पडलेला भाता, गावातली जुनी आळी)

एका धंद्याला चिकटून राहण्याचं कौतुक आपल्याकडे आलं कुठून, हे विचारायला हवं. बापाचा धंदा तोच मुलाचा, हा गावगाड्याचा नियम होता. लोहाराच्या मुलाने ऐरणच धरायची. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 1936 साली लाहोरच्या परिषदेसाठी जे भाषण लिहिलं, जे त्यांना तिथे करू दिलं गेलं नाही, त्यात त्यांनी ही गाठ नेमकी दाखवली आहे. उद्योगाचं रूप बदलत असतं, माणसाला त्याबरोबर काम बदलता आलं पाहिजे. जात ते बदलू देत नाही, आणि म्हणून बऱ्याच बेकारीचं थेट कारण जातच आहे. काम बदलण्याची मोकळीक या मुलखात लोकांनी झगडून मिळवली आहे. तिला चंचलपणा म्हणताना जरा थांबावं.

(दृश्य : दारव्ह्याजवळ गवतातले नॅरोगेजचे रूळ)

आणि धंदे तरी कुठे जागेवर राहतात? यवतमाळचा कापूस मूर्तिजापूरला नेण्यासाठी इंग्रजांच्या काळात ही शकुंतला रेल्वे बांधली. 1994 पर्यंत ती वाफेच्या इंजिनावर धावली. मग डिझेल आलं, वाफेच्या इंजिनावर कोळसा टाकणारा फायरमन नको झाला. आता गाडीच नाही.

सारखं काम बदलण्याची किंमतही आहे. पीएफ साठला नाही, पेन्शन नाही, आजारपणात मागे कोणी मालक नाही. वहिनींनी वेचणी केली, बचतगटातून शेवयांचं यंत्र घेतलं, म्हणून घर थांबलं नाही.

(दृश्य : शेतातलं सौर पॅनल, भाऊ आणि एक तरुण तंत्रज्ञ)

आता सहावं काम. 2024 पासून 'मागेल त्याला सौर कृषी पंप' योजना आहे : सर्वसाधारण शेतकऱ्याने किमतीचा दहा टक्के हिस्सा भरायचा, अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्याने पाच टक्के. पंप दिवसा चालतो, रात्री शेतात जावं लागत नाही, फेज जाण्याचा प्रश्न नाही. दुरुस्तीची पाच वर्षांची हमी पुरवठादाराची. शेतकऱ्यासाठी हे चांगलंच आहे. वाइंडिंगच्या पडवीत मात्र मोटारी कमी होत जाणार, हे भाऊंनी कोणी सांगायच्या आधीच ओळखलं.

म्हणून या वयात ते त्यांच्या मुलाच्या वयाच्या तंत्रज्ञाशेजारी उकिडवे बसलेत. पॅनलचं तोंड दक्षिणेला का, सावली एका कोपऱ्यावर पडली तरी सगळ्या रांगेची वीज का कमी होते, डीसी वायरचं टोक उघडं का ठेवायचं नाही. मोटर त्यांना समजते. पॅनलची वीज मोटारीला देणारी पेटी, कंट्रोलर, समजत नाही. त्याचं झाकण उघडल्यावर ते तीन वेळा तोच प्रश्न विचारतात आणि तंत्रज्ञ तीन वेळा सांगतो. वही इथेही सोबत आहे. नवीन पान, वर तारीख, खाली कंट्रोलरवर येणाऱ्या एररचे नंबर.

वाइंडिंगचं काम ते पडवीत शिकणाऱ्या पोराच्या हाती देणार आहेत. त्याने आयटीआय केलंय, वेढे तो आता एकटा मोजतो. तोवर चित्रीकरण चालू असतानाच जिनिंगमधून फोन आला. हंगाम तोंडावर आहे, रोलरला खाचा पाडणारा माणूस मिळत नाही, याल का? भाऊंनी मजुरी ठरवली आणि सोमवारपासून येतो म्हणून सांगितलं.